आपा सकाळी, छोटी दुपारी

भोकरदनच्या बसस्टँडमागे पत्र्याच्या गाळ्यांची रांग आहे. त्यातला चौथा गाळा माझा, पिको-फॉलचा, आणि पाचवा कमरोद्दीनभाईंचा, मोबाईल दुरुस्तीचा. मध्ये भिंत म्हणून प्लायवूडची एक फळी आहे आणि ती छतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे त्यांच्याकडचा शब्द न् शब्द माझ्याकडे येतो. लोक म्हणतात, बेबीनंदा कान लावून बसते. आता मशीन बंद असताना कान काय काढून खुंटीला टांगू? ऐकू येतं ते ऐकते, आणि आवडलं नाही तर तसं सांगते.

सांगायचं आहे ते भाईंच्या धाकट्या पोरीबद्दल. तिचं नाव अर्शिया. उंच, काटकुळी, आणि ओढणीला कुठे ना कुठे सोल्डरिंगने पडलेलं भोक. नववीत होती तेव्हा माझ्या मशीनची मोटर बंद पडली होती. ऐन लग्नसराई, मेकॅनिक जालन्याहून परवा येतो म्हणाला. ही शाळेतून आली, दप्तर ठेवलं, मोटर उघडली, आतले झिजलेले कार्बन काढून नवे घातले आणि मशीन चालू करून दिली. मी दहाची नोट पुढे केली तर म्हणाली, मावशी, मोटर आता मिनिटाला किती फेरे मारते ते मला मोजू द्या, तेवढं पुरे. म्हणजे पहिल्यापासूनच जरा अवघड प्रकरण.

मोजण्याचं तिला वेडच होतं. आमच्या रांगेत चहाचे दोन ठेले आहेत, एक संपतचा आणि एक समोरचा. कोणाचा कट मोठा यावरून एकदा गाळेवाल्यांत वाद झाला. सगळे आपापल्या जिभेवर विसंबून होते. अर्शियाने खोकल्याच्या औषधाचं टोपण आणलं आणि दोन्ही ग्लास टोपणाटोपणाने मोजले. संपतचा कट दीड टोपण कमी निघाला. संपत आठवडाभर तिच्याशी बोलला नाही आणि मग त्याने मुकाट नवे ग्लास आणले. आज रांगेत सगळे पोटभर चहा पितात तो या पोरीच्या कृपेने, हे संपतसुद्धा मान्य करतो, फक्त मोठ्याने नाही.

इंजिनिअरिंगला ती संभाजीनगरला गेली, लॉकडाऊनमध्ये परत आली आणि पुढचं सगळं शिक्षण घरच्या गच्चीवर, जिथे रेंज येते तिथे बसून केलं. नंतर घरूनच लहानमोठी कामं करायची. यंदा मार्चअखेरीस एक मोठं काम आलं. जर्मनी धरून चार-पाच देशांतली दहा-बारा माणसं मिळून फोनमधलं पैशाचं एक पाकीट बनवत होती आणि त्यांना तपासणी करणारं कोणीतरी हवं होतं. त्यांची म्होरकी प्रियदर्शनी, मूळची अंबडकडची, आता पुण्यात. अर्शियाने मला सांगितलं की हे पाकीट ब्लॉकचेनवर चालतं. आमच्या धंद्यात चेन म्हणजे ब्लाऊजला लावायची चेन. मी म्हटलं, ही ब्लॉकची चेन किती इंची येते? ती हसून हसून स्टुलावरून खाली बसली. मला काही त्यात एवढं हसण्यासारखं वाटलं नाही.

मग तिने माझ्याच दुकानात बोट दाखवून समजावलं. माझ्याकडे दिवसाला दहा-बारा साड्या येतात. फॉल लावून झाला की त्या दिवसाच्या साड्यांचा एक गठ्ठा बांधते आणि प्रत्येक साडीच्या रंगाचा वीतभर धागा गठ्ठ्याच्या गाठीला लटकवते. बायका पावती हरवून येतात, वार आठवत नसतो, फक्त म्हणतात, पोपटी होती. मी गठ्ठे सोडत बसत नाही, नुसते धागे बघते. पोपटी धागा दिसला नाही तर साडी त्या गठ्ठ्यात नाही म्हणजे नाही. दिसला तर असेल. असेलच असं नाही, कारण पोपटी साडी दुसऱ्या बाईचीही असते, पण तेवढा एक गठ्ठा उघडून बघायचा.

अर्शिया म्हणाली, तिकडेही हेच आहे. जगभरातले लोक या बिनकागदी पैशाची देवघेव करतात, तिचे गठ्ठे बांधले जातात, साधारण दहा मिनिटांना एक. असे लाखो गठ्ठे एकमेकांना गाठलेले आहेत. पाकीट नव्या फोनवर घेतलं की त्याला शोधावं लागतं, आपलं काही कुठल्या गठ्ठ्यात आहे का. सगळे उघडायचे तर साधा फोन रडकुंडीला येईल. दुसऱ्याला शोधायला सांगावं तर आपल्याकडे काय आहे ते त्याला कळणार. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याला एक बारकी खूण असते, तिला फिल्टर म्हणतात. फोन नुसत्या खुणा बघतो. खुणेला दोनच शब्द बोलता येतात, ‘नाही’ आणि ‘असेल’. ‘नाही’ म्हटलं की पक्कं. ‘असेल’ म्हटलं की गठ्ठा उघडायचा.

आपण वीस वर्षं जे करतो ते जर्मनीतले लोक आता शिकतायत हे ऐकून मला बरं वाटलं. तोंडावर मी एवढंच म्हटलं की धागे तरी नीट लटकवा म्हणावं.

भानगड अशी होती की खूण करायच्या रीती दोन. जुन्या रीतीत सगळे धागे एका रिळावर घट्ट गुंडाळलेले. जागा अगदी थोडी लागते, पण पोपटी आहे का हे बघायला रीळ उलगडत जावं लागतं. नव्या रीतीत प्रत्येक रंगाच्या ठरलेल्या तीन खुंट्या. त्या तीन बघितल्या की उत्तर तयार. जागा थोडी जास्त लागते, पण काम जल्दी. आता पाकिटात कुठली रीत घालायची यावर त्या दहा-बारा जणांत वाद. जो तो आपापल्या महागड्या कॉम्प्युटरवर मोजून बोलायचा. प्रियदर्शनीचं म्हणणं पडलं की साध्या माणसाच्या साध्या फोनवर कोणी मोजलंय का? कोणीच मोजलं नव्हतं. ते काम अर्शियाला दिलं, तीन महिन्यांसाठी. चांगलं झालं तर पुढे वर्षाचं पक्कं.

फोनला तर तोटा नव्हता. भाईंकडे लोकांनी दुरुस्तीला टाकून न नेलेले, नव्याच्या बदल्यात देऊन टाकलेले, काच तडकलेले असे ढीगभर जुने फोन. त्यातले सहा तिने निवडले आणि गाळ्यात वरच्या फळीवर ओळीने मांडले. घरी लहान भाच्यांचा सुळसुळाट असतो, म्हणून तपासणी दुकानात, आणि ती स्वतः कूलरसमोर घरी. रीतींची इंग्रजी नावं तिच्या अब्बांच्या तोंडी बसेनात. म्हणून तिने जुनीला नाव दिलं आपा आणि नवीला छोटी. त्यांच्या घरात थोरल्या बहिणीला आपा म्हणतात. तिची स्वतःची आपा सिल्लोडला दिलेली आहे, आणि अर्शिया घरात अजून छोटीच.

रोज सकाळी आठला ती यायची, सहाही फोनवर आपा लावून जायची. आपाचं साडेअकरा-बारापर्यंत आटपायचं. मग पुन्हा येऊन छोटी लावायची आणि जेवायला जायची. फोन आपोआप सगळं टिपून ठेवायचे. आधी थोरली, मग धाकटी. हा क्रम तिने ठरवला असंही नाही, तो हातातच होता. त्या घरात ताट वाढताना, मेंदी काढताना, झोका घेताना आधी आपा, हे जन्मापासूनचं.

एप्रिल गेला, अर्धा मे गेला, आणि निकाल आला तो सगळ्यांना चकित करणारा. कागदावर छोटी चपळ असायला हवी होती. साध्या फोनवर मात्र ती आपापेक्षा मंद निघाली. तेही सहाच्या सहा फोनवर, रोजच्या रोज. अर्शियाने दोनदा आकडे तपासले आणि अहवाल पाठवला. तिकडे एकच कौतुक. एवढे दिवस महागड्या कॉम्प्युटरवर मोजून आपण फसत होतो आणि भोकरदनच्या पोरीने खरं काय ते दाखवलं, असं म्हणे जर्मनीवाला लिहून बसला. छोटीला पाकिटातून काढायचं जवळपास ठरलं. प्रियदर्शनीने कळवलं की पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर अर्शियाने हे स्वतः मांडायचं, आणि वर्षाच्या कामाचं पत्र तयारच आहे. संपतने त्या दिवशी रांगेला फुकट चहा पाजला. नव्या ग्लासातून.

या पत्राला एवढं महत्त्व का, ते सांगते. पुण्याच्या एका कंपनीने अर्शियाला नोकरीला बोलावलं होतं आणि महिनाअखेर हो की नाही कळवायचं होतं. इकडचं वर्षाचं काम मिळालं तर ती इथेच राहणार, नाही तर पुणे. भाई तिला रोज म्हणायचे, जा, बिनधास्त जा, दुकानाचं काय, मी बराबर बघतो. आणि मला एकटीला माहीत होतं की भाईंना बराबर काहीच दिसत नव्हतं. दोन-तीन महिन्यांपासून ते फोनचे बारके स्क्रू माझ्याकडे घेऊन यायचे आणि म्हणायचे, ताई, तुमच्याकडं उजेड चांगलाय, ह्यातला लहान कोणता बघा बरं. उजेड दोन्ही गाळ्यांत सारखाच आहे. मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की पोरीला सांगायचं नाही, नाही तर ती आपल्यापायी पुणं सोडंल. मी शब्द दिला आणि तेव्हापासून माझं पोट फुगलेलं होतं.

तर गुरुवारच्या आधीचा शुक्रवार. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. भाई जुम्म्याची नमाज करून आले आणि फळीवरचे फोन पुसायला घेतले. डोळे साथ देत नव्हते म्हणून त्यांना अलीकडे प्रत्येक वस्तू हातांनी चाचपायची सवय लागली होती. त्यांनी एक फोन उचलला, तळहातावर धरला, मग गालाला लावला. दुसरा लावला. मग तिसरा. तेवढ्यात अर्शिया छोटीचे आकडे घ्यायला आली. भाईंनी तिला विचारलं की हे इतके तापलेले फोन काम कसं करतात. ती म्हणाली, करतात की. भाई म्हणाले की तीस वर्षं रेडिओ, टीव्ही, मोबाईल खोलतोय, फोन तापला की आतून आपला आपण हळू होतो, जळू नये म्हणून. मग त्यांनी विचारलं, दुपारी कोण असतं ह्यावर?

‘‘छोटी,’’ अर्शिया म्हणाली.

‘‘आन् आपा?’’

‘‘सकाळी.’’

‘‘म्हंजे आपाला सकाळचा गारवा आन् छोटीला पत्र्याखालचं बारा वाजताचं ऊन. मंग छोटी मागं पडणारच की. घरातल्यासारखंच करून ठेवलं तू हे.’’

 मी मशीनवरून उठले आणि जाऊन बघितलं. पोरगी एक फोन हातात धरून उभी होती आणि चेहरा उतरला होता. ज्या पोरीने चहाचा कट टोपणाने मोजला, तिने दीड महिना दोन बहिणींची शर्यत लावली आणि एकीला सावलीत, एकीला उन्हात पळवलं. तिच्या लक्षात आलं नाही, कारण आधी आपा हे तिला कधी खटकलंच नव्हतं. मला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, थोडं हसूही आलं.

ती माझ्याकडे आली आणि फॉलच्या ढिगावर बसली. म्हणाली, अहवाल मागं घ्यावा लागंल.  समोर गुरुवार, पत्र तयार, महिनाअखेर आठ दिवसांवर, आणि फळीपलीकडे तिचा बाप स्क्रू चाचपत बसलेला. मी म्हटलं, कोणाला कळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. वर्षाचं पत्र घे, मग सावकाश दुरुस्त कर. जर्मनीवाल्याला काय कळणार आहे आपला पत्रा किती तापतो ते. हे मी बोलले, माझ्या तोंडाने. आज लिहितानाही लाज वाटते, पण बोलले ते बोलले.

तिने मला विचारलं, मावशी, फॉल तिरका लागला तर तुम्ही काय करता? आता इथे एखाद्या शहाण्या बाईने सांगितलं असतं की उसवते. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला दिसंल असं वाटलं तर उसवते, न्हाई तर इस्त्री फिरवून देते. ती एवढ्या दुःखातही फिदकन हसली. मग म्हणाली, हे पाकीट साध्या फोनवाल्या लाखो माणसांच्या हातात जाणार. माझ्या अहवालावर विसंबून छोटीला काढलं तर त्या सगळ्यांचं काम रोज रखडणार, आणि का रखडतंय ते त्यांना कधीच कळणार न्हाई. ह्याला इस्त्री फिरत न्हाई, मावशी.

 उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड, पण त्या वेळी जीभ उचलेना.

मग सुरू झाली पाच दिवसांची धांदल, आणि ती मात्र बघण्यासारखी होती. आधी तिने ठरवलं की दोघींना सगळं सारखं मिळालं पाहिजे. गारवाही सारखा, ऊनही सारखं. तीन फोनवर आपा आणि तीनवर छोटी, एकाच वेळी. दुसऱ्या दिवशी फोनांची अदलाबदल. आधी सकाळी दोघी, मग दुपारी दोघी. दुपारीसुद्धा थंड ठेवून एकदा बघायचं होतं. कूलर लावावा तर दुकानाच्या मीटरला तो झेपत नव्हता. भाईंनी उपाय काढला. माझ्या गाळ्यातल्या रांजणाला ओलं पोतं गुंडाळलेलं असतं. त्याला टेकवून त्यांनी शहाबादी फरशीचा तुकडा उभा केला, त्याला स्टीलचं ताट चिकटवलं आणि ताटाला दोरीने बांधलेले तीन-तीन फोन. दर अर्ध्या तासाने पोत्यावर पाणी मारायचं काम माझं. गिऱ्हाईक बाया विचारायच्या, ताई, फोनला ताप आलाय का? मी म्हणायचे, हौ, उतरून राह्यलाय.

अर्शिया आता घरी जातच नव्हती. फोनांसमोर बसून थर्मामीटर लावायची. तिच्या आईने, खैरुनबीभाभींनी, जेवण दुकानात पाठवलं, त्यात खिचडा माझ्या वाट्यालाही आला. संपतने तोंड उघडलंच, की अर्ध्या टोपणाच्या फरकासाठी मला रांगेत बदनाम करणारी स्वतः काय मोजून बसली बघा. अर्शियाने वर न बघता सांगितलं की दीड टोपण होतं. संपत गेला आणि बिस्किटं घेऊन आला.

बुधवारी आकडे जुळले. गारव्यात छोटी आपाच्या दुपटीहून चपळ. उन्हात दोघीही मंदावतात, पण तिथेही छोटीच पुढे. पण गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती. आपाची खूण आकाराने लहान, त्यामुळे ती नेटवरून लवकर उतरते. माझ्या माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला, रेंज अशी की देवळाच्या पायरीवर एक काडी आणि घरात शून्य. अर्शिया एक फोन घेऊन माझ्या भावाकडे जाऊन आली, तिथे मोजलं. तिथे खुणा उतरवण्यातच एवढा वेळ जातो की छोटीची चपळाई जवळजवळ वाया जाते आणि दोघी बरोबरीने पोचतात. म्हणजे रेंज चांगली तिथे छोटी, रेंज रडकी तिथे दोघी सारख्याच. तिने हे सगळं नव्याने लिहिलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं की माझा आधीचा अहवाल चुकीचा आहे. इंग्रजीत होतं. मी तिला त्या ओळीचं मराठी करायला लावलं आणि मग विचारलं, जरा मऊ शब्द न्हाई का? म्हणाली, न्हाई.

गुरुवारी चार वाजता भाईंच्या काउंटरवर लॅपटॉप उघडला. मी दुकान सोडून त्यांच्या स्टुलावर जाऊन बसले. पडद्यावर चौकटी चौकटीत माणसं, कोणी दाढीवालं, कोणी कॉफी पिणारं, आणि मधोमध प्रियदर्शनी. अर्शिया इंग्रजीत बोलू लागली. मला समजेना आणि भाईंनाही समजेना. ते हळूच मला विचारायचे, ताई, काय म्हणून राह्यली? मी म्हणायचे, बराबर चाललंय. खरं तर मी फक्त तोंडं बघत होते. दाढीवाल्याने कॉफी खाली ठेवली. एकीने डोक्याला हात लावला. ‘आपा’ आणि ‘छोटी’ एवढे दोन शब्द कळले, आणि नंतर ‘टिन रूफ’.  

दाढीवाला बोलायला लागला. अर्शियाने नंतर सांगितलं तो काय म्हणाला ते. त्याने कबूल केलं की त्याने स्वतः भर थंडीत खिडकीच्या दगडावर लॅपटॉप ठेवून मोजलं होतं, आणि नेहमी नवी रीत आधी, कारण तिची त्याला उत्सुकता जास्त. त्या वेळी लॅपटॉप खिडकीवर गारठलेला असायचा, म्हणजे गारवा नेहमी नवीलाच. त्याचे आकडेही आता विश्वासाचे नाहीत. मग कॉफीवाली म्हणाली की तिनेही क्रम कधी बदलला नव्हता. बघता बघता निम्म्यांनी आपापले अहवाल मागे घेतले. भाईंना वाटलं भांडण लागलं. मी त्यांचा हात धरून बसले होते, हे मला नंतर कळलं.

शेवटी प्रियदर्शनी बोलली, आणि मराठीतच बोलली, आमच्यासाठी असावं, कारण पडद्यात आम्ही दोघं मागे दिसत होतो. म्हणाली, ‘‘अर्शिया, ते वर्षाचं पत्र मी फाडून टाकतेय. त्यात तुझं काम फक्त स्वतः मोजायचं असं लिहिलं व्हतं. आता दुसरं पाठवते. ह्यापुढं ह्या सगळ्यांचं मोजमाप आधी तुझ्याकडं येईल, तू पास केलं तरच पुढं जाईल. आन् तू तिथंच राहायचं. आमच्यातल्या दुसऱ्या कुणाकडं एवढं ऊन न्हाई.’’

ती हसली, चौकटीतले सगळे न समजता हसले, आणि लॅपटॉप बंद झाला. अर्शिया तोंडावर ओढणी धरून तशीच बसली. मी रडले. मला कशाचंही रडू येतं, पण त्या दिवशीचं खरं होतं. जी गोष्ट मी झाकायला सांगत होते, तिच्याचमुळे पोरगी राहिली. मी तिला तसं सांगितलंही, की मी तुला वाईट सल्ला दिला होता. ती म्हणाली, माहितीय.

 भाईंनी मात्र मला पुन्हा विचारून घेतलं की पुण्याला जायचं नक्की रद्द झालं ना. मी म्हटलं, झालं. मग त्यांनी काउंटरखालचा ड्रॉवर उघडला. आत पाच फोन होते, चिठ्ठ्या लावलेले, उघडे पडलेले. त्यांनी ते चाचपून एकेक करून तिच्यासमोर मांडले.

‘‘ये मेरे से नै हुए,’’ ते म्हणाले. ‘‘बारीक कुछ दिखता नै मेरे कू. रमजान के पैले से.’’

अर्शियाने फोनांकडे बघितलं, मग बापाकडे, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावरून तिला सगळं कळलं. मी खाली बघितलं. मला वाटलं आता दोघांवर भडकणार, आणि भडकली असती तरी चाललं असतं. तिने पहिला फोन जवळ ओढला आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. मग बापाला म्हणाली, ‘‘कल सबेरे ना आपा, ना छोटी. पैले तुमारे आँखां.’’

भाई ‘हौ’ म्हणाले.